एन्कंबरचा अर्थ

"दिस बुडायच्या आत ये रे. तुझ्या हातचा पयला घास घेऊनच उपास सोडीन. दिस बुडाला, तर त्या दिशी अन्नाला शिवायची नाय मी."

आईचा, येसूबाईचा, हा निरोप मनात धरून महिपत मुंबईहून निघाला होता. त्याला नोकरी लागावी म्हणून तिने धरलेलं सोमवारचं व्रत आज उजवायचं होतं. साहेबाच्या बंगल्यावरची जागा मिळाली ती महादेवाच्या कृपेने, यात त्याच्या गावात, कुडपणात, कुणालाच शंका नव्हती.

दुपारी तो पोलादपुरात मोटारीतून उतरला. डोंगर चढणाऱ्याने कुणाचं ओझं नाकारू नये, आणि ज्याचं त्याच्या दारात पोचवावं, ही तिथली रीत. दुकानदार भागोजी कुडपणातल्या चांगूच्या घरी द्यायची गुळाची ढेप घेऊन पुढे आला. नाही म्हणण्याचं पाप नको, म्हणून महिपतने इंग्रजी काढलं.

"सायब बोलतो, परवासात एन्कंबर व्हायचं नाय."

"म्हंजे काय?"

"अंगावर इतकं वझं, का मानसाचा पाय उचलत नाय."

भागोजीने त्याच्या पायांकडे निरखून पाहिलं. "तुझं तर उचलतायत."

ढेप डोक्यावर आली.

वाटेवरच्या कापडे गावात गोमाजी लोहाराने कुडपणच्या हैबतीच्या नांगराचा फाळ पुढे केला. महिपतने पुन्हा अर्थ सांगितला, या वेळी साहेबासारखा सावकाश.

"चार पावलं चालून दाव बरं," गोमाजी म्हणाला. महिपत चालला. "नाय झालास अजून." आणि फाळ खांद्याला बांधला.

गावाबाहेर ठमाबाई वाट अडवून उभी होती. तिची लेक आवडी कुडपणाच्या पलीकडच्या वाडीत बाळंत झाली होती. गाठोड्यात डिंक, खारका, सुंठ.

"आजच्या आज पोचलं पायजे. शब्द दे."

"मावशे, मी एन्कंबर..."

"ते घरी जाऊन हो. आधी शब्द दे."

त्याने दिला.

चढणीत तो एका दगडावर टेकला आणि त्याला उठता येईना. साहेबाच्या शब्दाचा अर्थ आता त्याच्या गुडघ्यांत उतरला होता. पाहायला मात्र एकटं वानर होतं. ऊन कलत चाललं होतं. महादेवाचं नाव घेऊन तो कसाबसा उभा राहिला.

चांगूची ढेप, हैबतीचा फाळ ज्याच्या त्याच्या दारात टाकून तो घरी आला, तेव्हा समोरच्या कड्यावर अजून ऊन होतं. येसूबाई वाढलेल्या ताटाशी बसली होती.

"ते गाठोडं कुनाचं?"

"आवडीचं. आजच पोचवतो बोललोय. पन आदी तू घास घे, आये."

"बाळंतीन वाट बघत असंल, आन् मी जेवू? देवाला काय सांगू?"

"तिकडं जाईस्तो दिस बुडंल गो."

"झपाझप चाल, नाय बुडायचा. तिथंच सोडते उपास, तिच्यापाशी बसून."

तिने ताटातला भात, घावन, देवाचा नैवेद्य फडक्यात बांधला, गाठोड्यावर ठेवला, त्यावर पाण्याचा तांब्या. मग सगळं शांतपणे लेकाच्या डोक्यावर दिलं आणि पदर खोचून पुढे झाली.

महिपतने मान सावरली, कड्यावरच्या उन्हाकडे एकदा पाहिलं, आणि आईच्या मागोमाग वाडीची वाट धरली.