पानांचा रंग कुणाकडून आला

लेकीचं चित्र दुरुस्त करायचं मी ठरवलं नसतं, तर आमच्या घराण्याची अब्रू शाबूत राहिली असती.

झालं असं, की आमच्या दहा वर्षांच्या लेकीने शाळेत झाड काढलं आणि बाईंनी ते परत पाठवलं. पानं तपकिरी झालीत, पुन्हा रंगवून आण, असा निरोप. ती आईला हाक मारायला निघाली, तर मी म्हटलं, "एवढ्याशा कामाला आई कशाला? आण इकडे." (बापाने पोरीच्या अभ्यासात लक्ष घालावं, असं आमच्या हिचं फार दिवसांचं म्हणणं होतं. आता नाही.) खडूंवरचे रंगांच्या नावांचे कागद केव्हाच फाटले होते, पण हिरवा रंग ओळखायला कागद कशाला लागतो? मी छानसा हिरवा खडू निवडला आणि एकेक पान घोटून काढलं.

"बाबा, आता अगदी खरं झाड वाटतंय," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा नवराबायकोला बोलावून घेतलं.

"पानं अजून तपकिरीच आहेत," बाई म्हणाल्या. "फक्त जास्त गडद झालीत."

"हिने पुन्हा तोच खडू घेतला असणार," बायको म्हणाली.

"मी रंगवलीत," मी म्हणालो. (गप्प बसायची संधी आयुष्यात वारंवार येते. मी ती घेत नाही.)

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि हळू आवाजात आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांत म्हणे आकडा होता. लेकीला तो सापडेना.

"वडिलांनी बघा बरं."

मी चष्मा पुसला. पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं. "डॉक्टर, छपाई पुसट आहे. दुसरी प्रत नाही का?"

"चौऱ्याहत्तर," बायको मागच्या खुर्चीवरून म्हणाली.

बापलेक दोघांनाही लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हे जन्मापासूनचं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. (ऑफिसात लाल फीत म्हणजे तातडीची फाईल, हिरवी म्हणजे सावकाशीची. मी सगळ्याच सावकाश हलवत असल्याने आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही.)

"म्हणजे यांच्याकडून आलंय," म्हणत बायको पर्स उचलून उठली.

"थांबा. मुलीच्या बाबतीत एकट्या वडिलांवर भागत नाही," डॉक्टर म्हणाले. "मुलीकडे एक्स गुणसूत्रं दोन. एक आईचं, एक वडिलांचं. एकात दोष असला तरी दुसरं सांभाळून घेतं. हिच्या दोन्हींत दोष आहे. म्हणजे एक तुमच्याकडून आलंय."

"पण मला आकडा दिसला ना."

"कारण तुमचं दुसरं चांगलं आहे. दोष तुम्ही नुसता बाळगून आहात."

संसारात पहिल्यांदाच निम्मी चूक हिच्या पदरात पडली होती. मी खुर्चीत ऐसपैस बसलो. "म्हणजे अर्धं-अर्धं."

"लेकीचं. तुमचं मात्र सगळं तुमच्या आईकडून. पुरुषाकडे एक्स एकच, आणि ते आईचं."

बायको पुन्हा खाली बसली. "डॉक्टर, हे कागदावर लिहून द्याल का?"

घरी आईला ही बातमी सांगायची कामगिरी अर्थात माझ्याकडे आली.

"मी अजून बिनचष्म्याने सुई ओवते," आई म्हणाली. "माझ्यात कसला दोष?"

"तो तुझ्यात दिसत नाही. नुसता असतो."

"दिसत नाही, तर डॉक्टरला कसा दिसला? तोही मला न बघता? तुझ्या बाबांकडून आला असेल. जन्मभर विटकरी शर्ट राखाडी म्हणून घातला त्यांनी."

"हा दोष मला बाबांकडून येऊच शकत नाही."

"का? वडील नव्हते का ते तुझे?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मी घाईघाईने वर्तमानपत्राच्या कडेला एक्स आणि वाय मांडून दाखवले. आईला पटेना, म्हणून पुन्हा मांडले. तिसऱ्या खेपेला माझ्याच आकृतीत मी सासूबाईंचा मुलगा निघालो.

"म्हणजे बाबांचं नुसतं नावच लागलंय तुला," आई म्हणाली आणि आत निघून गेली. कोणाचं काय कुठून आलं, याची मला तरी तेव्हा कुठे खात्री होती?

लेक मघापासून गॅलरीत उभी होती. मी जवळ गेलो.

"बाबा, मला आता चित्रं काढता येणार नाहीत?"

"येतील की. खडूंवर आपण नावं लिहून ठेवू."

तिने समोरच्या दोरीवरच्या शर्टाकडे बोट दाखवलं. "तो कुठला रंग?"

"करडा."

"मलाही करडाच वाटला." तिचा चेहरा एकदम खुलला. माझ्या हाताला बिलगून ती म्हणाली, "आपलं दोघांचं बरोबर येतंय."

"गुलाबी आहे तो," आतून बायको म्हणाली.

या घरात पहिल्यांदाच कुणाचं तरी माझ्याशी पूर्ण एकमत झालं होतं, आणि शास्त्र म्हणतं की तो दोष आहे.