मेनंतर बघू

आमच्या वरच्या मजल्यावरचा मारेक खोक्यावर ताट ठेवून जेवायचा. आणि त्या खोक्यात काय होतं? जेवणाचं टेबल! सुटं केलेलं, स्क्रूंच्या पिशवीसकट. "अरे बाबा, मग जोड की ते!" मी म्हटलं. तर म्हणाला, "असू दे, मेनंतर बघू." तेव्हा सप्टेंबर चालू होता.

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या आमच्या इमारतीत पोलंडचा व्यावसायिक व्हॉलीबॉलपटू राहायला येतोय म्हटल्यावर मी दाराच्या चौकटीएवढा माणूस बघायला गेलो. निघाला माझ्याच उंचीचा. वर मलाच समजावलं, की तो लिबेरो आहे. वेगळ्या रंगाचा शर्ट घालायचा, मागे राहायचं आणि चेंडू जमिनीला टेकू द्यायचा नाही. टाळ्या घेणारे पुढे असतात.

हे त्याच्या अंगात इतकं भिनलेलं, की दिवाळीत फराळाला आला असताना माझ्या बायकोच्या, अनघाच्या ताटातून करंजी घसरली, तर हा पठ्ठ्या सोफ्यावरून सूर मारून थेट पोटावर! करंजी वाचली. आमचा लॅम्प गेला.

अनघा मात्र इतकी खूश, की स्वतः केलेला आकाशकंदील तिनं त्याला देऊन टाकला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, वर नेला आणि खोक्यात ठेवला. मेनंतर!

"दिवाळी काय मेमध्ये असते?" अनघा चार दिवस धुमसत होती.

पडदे मेनंतर, लायब्ररीचं कार्ड मेनंतर, दाढ ठणकतेय तरी डॉक्टर मेनंतर. बेलवरचं नावसुद्धा पेन्सिलीनं लिहिलेलं. शेवटी मी वैतागून विचारलंच, की हा मे आहे तरी काय?

तर त्याचा करार एका वर्षाचा, मेअखेर संपणारा. अकरा वर्षांत आठ गावं झाली होती. "पहिल्या गावात मी सगळं लावलं होतं," तो म्हणाला. "पडदे, फोटो, गॅलरीत टोमॅटो. मेमध्ये क्लब म्हणाला, थँक्यू. टोमॅटो अजून हिरवेच होते."

ते घर सोडताना भिंतीतलं एकेक भोक त्यानं स्वतः बुजवलं, भाड्याच्या घरांचा नियमच तो. त्यानंतर कुठल्याच घरात त्यानं खिळा ठोकला नव्हता.

फेब्रुवारीत सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. चौतिशीचा खेळाडू, त्यात गुडघा. बरा होऊन शेवटचे सामने खेळला, तरी पुढच्या वर्षाचं क्लब काही बोलेना. मारेक जिन्यात भेटला की हसायचा आणि वर जाऊन खोक्यांना नवी चिकटपट्टी लावायचा. खरं सांगतो, मला धास्ती बसली होती. गेला तर करमणार नव्हतं. अनघा रोज विचारायची, "काही कळलं का रे त्याचं?"

मेमधल्या एका रविवारी दुपारी आम्ही जरा आडवे झालो होतो, तोच वरून ठाक! ठाक! ठाक! जर्मनीत, रविवारी, हातोडा? इथे रविवारी कचऱ्यात बाटली टाकली तरी लोक खिडकीतून बघतात! खालच्या मजल्यावरच्या आजींना वाटलं आम्हीच, त्या काठीनं छत बडवायला लागल्या. मी तणतणत वर गेलो, मागोमाग अनघा.

दार उघडंच होतं. खोकी चपटी करून भिंतीला लावलेली, टेबल जोडलेलं. गॅलरीत मारेक खुर्चीवर उभा, तोंडात खिळे, हातात अनघाचा आकाशकंदील.

"दोन वर्षं!" तो ओरडला. "करार! दोन!"

तोंडातले सगळे खिळे खाली सांडले. त्यानं एकही झेलला नाही.

हुश्श! मी खाली वाकून खिळे गोळा करायला लागलो. अनघा डोळे पुसत म्हणाली, "अरे, पण आत बल्ब नको का?" आणि आणायला खाली धावली. भर उन्हात, मे महिन्यात, आमच्या इमारतीत दिवाळीचा कंदील लागला.

तेवढ्यात तिला कोपऱ्यातली कुंडी दिसली. टोमॅटोचं वीतभर रोप. "हे कधी पिकणार?" तिनं विचारलं.

मारेकनं बोटं मोजली. "ऑगस्टमध्ये," तो म्हणाला. "पहिला तुम्हाला."