आजचा ब्रेड उद्या

रविवारी सकाळी न्याहारीला बसल्यावर भांडारपालांनी ठरवलं, की आज काय वाट्टेल ते झालं तरी आजचा ब्रेड आजच खायचा.

ऐकणाऱ्याला यात ठरवण्यासारखं काही वाटणार नाही. ज्याच्या घरी ब्रेड येतो तो माणूस तो उघडतो आणि खातो. पण भांडारपालांच्या घरी तसं नव्हतं. ते रोज सकाळी सातला कोपऱ्यावरच्या बेकरीत जात, रांगेत उभे राहत, भट्टीतून नुकताच निघालेला ब्रेड कागदी पिशवीत घालून छातीशी धरून आणत. तीन जिने चढेपर्यंत शर्टाला ऊब लागायची, नाकाला वास लागायचा, तोंडाला पाणी सुटायचं. दार उघडलं की बायको तो ब्रेड हातातून घ्यायची, त्याच्यावर तारखेची चिठ्ठी लावायची आणि डब्यात मागच्या बाजूला ठेवून द्यायची. आणि पुढच्या बाजूचा, म्हणजे कालचा, बाहेर काढायची.

हे अकरा वर्षं चाललं होतं. अकरा वर्षं ज्या माणसाने रोज गरम ब्रेड वाहून आणला, त्याने एकदाही तो गरम खाल्लेला नव्हता! (हमाल तरी बरे. त्यांना माल दुसऱ्याचा आहे हे माहीत असतं.)

"आज तो उघड," भांडारपाल म्हणाले.

"कुठला?"

"आत्ता आणला तो. पिशवी अजून गरम आहे."

"आणि कालचा?"

"कालच्याचं नंतर बघू."

बायकोने दातेरी सुरी खाली ठेवली. शेजारी बसलेल्या लेकीने मोबाइलमधून मान वर काढली. ती शेवटची कधी वर निघाली होती हे कोणाला आठवत नव्हतं.

"अहो, आधी आलेला माल आधी गेला पाहिजे, हे कोणी सांगितलं होतं मला? लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी? वहीवर आकृती काढून?"

सांगितलं होतं भांडारपालांनीच. ते पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात होते. नळ, पाइप, वॉशर, झडपा यांच्या मांडण्या गेली चोवीस वर्षं त्यांच्या ताब्यात होत्या आणि त्या चोवीस वर्षांत नवा वॉशर जुन्या वॉशरच्या आधी बाहेर पडलेला नव्हता. त्यांना याचा इतका अभिमान होता, की नव्या नवरीला पहिल्यांदा दुसरं काही सांगायचं सोडून त्यांनी हे सांगितलं होतं.

"बरं, मग असं करू," ते म्हणाले. "उद्या मी ब्रेड आणतच नाही. उद्या आजचा संपवू. परवापासून रोजचा रोज."

"म्हणजे उद्या संध्याकाळी घरात ब्रेडच नाही?"

"नसू दे की."

"साठा शून्यावर जाता कामा नये, हेही तुम्हीच सांगितलं होतं. दुसऱ्या पानावर."

ही खरी मेख होती. एक ब्रेड खाण्यासाठी आणि एक ब्रेड शिल्लक. ही शिल्लक सुरू झाली ती मेहुण्यामुळे. अकरा वर्षांपूर्वी तो संध्याकाळी चहाला येणार होता, म्हणून एक ब्रेड जास्त आणला, आणि तो आला नाही. कळवलंसुद्धा नाही. तो एक जास्तीचा ब्रेड दुसऱ्या दिवशी खाल्ला गेला, त्या दिवसाचा मागे राहिला, आणि तेव्हापासून हे कुटुंब सगळ्या जगाच्या एक दिवस मागे चाललं होतं. एका माणसाने चहाला यायचं टाळलं, म्हणून चार माणसांनी अकरा वर्षं शिळं खायचं! कुठे दाद मागायची, तुम्हीच सांगा.

"जावईबापू," आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना दिसायचं कमी, पण ऐकू यायचं ते भिंतीपलीकडचंसुद्धा. "कालचा ब्रेड चावायला बरा असतो. दातांना काम राहतं."

सासूबाईंना दात नव्हते.

भांडारपालांनी कालच्या ब्रेडच्या दोन स्लाइस खाल्ल्या. पण त्या खाताना त्यांनी घरातल्या प्रत्येकाकडे असं रोखून पाहिलं, की त्यांच्या मते सगळ्यांना लाज वाटायला हवी होती. लेकीने तिसरी स्लाइस मागून घेतली.

दुपारी बायको आणि लेक शिंप्याकडे गेल्या. पाचला चहापर्यंत येणार होत्या. सासूबाई आत पडल्या होत्या. भांडारपालांनी डबा उघडला. पुढे कालच्यातला उरलेला अर्धा ब्रेड, मागे आजचा, अख्खा. हिशोब सरळ होता. पाचला डब्यात कालचा नसेल तर बायकोला आजचा उघडावाच लागेल. नियम मोडायचा नाही, फक्त जुना माल वेळेआधी संपवायचा. (सरकारी नोकरीत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं सुचायला अकरा वर्षं लागली.)

फेकून द्यायचा विचार त्यांच्या मनात आला आणि लगेच गेला. भांडारातला फुटका नळ फेकायचा तरी तीन माणसांची समिती बसते. अन्न कसं फेकणार? त्यांनी अर्धा ब्रेड स्वच्छ कागदात गुंडाळला आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. समोर एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहत. त्यांना सगळी इमारत 'बाई' म्हणायची आणि त्यांच्यासमोर नीट उभी राहायची.

"बाई, ब्रेड जरा जास्त झालाय. घ्याल का?"

बाईंनी कागद उघडला, स्लाइस बोटाने दाबून पाहिली. "अहो, हा तर कालचाच आहे! एवढा चांगला मला कशाला? थांबा."

त्या तो घेऊन आत गेल्या आणि एक अख्खा, न उघडलेला ब्रेड घेऊन आल्या.

"हा परवाचा. मला तो जड जातो. तुमच्याकडे शिळाच आवडतो ना? तुमच्या सौ. सांगत होत्या, की ताजा कोणी हातात धरत नाही."

"मी धरतो!" भांडारपाल कळवळून म्हणाले. "रोज सातला धरतो!"

"छान. सवय चांगली आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावलं.

भांडारपाल जिन्याच्या तोंडाशी परवाचा ब्रेड घेऊन उभे राहिले. अर्धा देऊन अख्खा घेऊन आलेला जगातला हा पहिलाच मूर्ख असावा. बरं, हा तर कालच्याहून मोठा! बायकोला दिसला की तोच आधी जाणार. आज चहाला परवाचा, उद्या सकाळी परवाचा उरलेला, आणि आजचा थेट उद्या संध्याकाळी. गाडी एक दिवस मागे होती, ती आता दीड दिवस मागे जाणार होती. लपवावा म्हटलं तर त्या घरात बायकोला सापडणार नाही अशी जागा अजून बांधली गेलेली नव्हती. परत करावा म्हटलं तर बाई कारण विचारणार, आणि ते पूर्ण वाक्यात सांगावं लागणार.

राहिला एकच मार्ग. तो पोटातून जात होता.

त्यांनी ब्रेड कापला. जाड-बारीक चौदा तुकडे पडले. लोणी लावायची सोय नव्हती, कारण लोण्याच्या वडीवर बायकोची खूण असते. पहिली स्लाइस कोरडी खाल्ली, ती घशात बसली आणि तिथेच राहायचा विचार करू लागली. मग त्यांनी टोस्टर काढला. दोन स्लाइस आत, खटका खाली. थोड्या वेळाने खटका इतक्या जोरात वर आला, की त्यांनीच दचकून मागे पाहिलं.

"कोण आहे?" आतून सासूबाई.

"मीच, आई. वाचत बसलोय."

"पुस्तकाचा वास खरपूस येतोय."

भांडारपालांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. सहाव्या स्लाइसपर्यंत त्यांचा राग त्यांना साथ देत होता. प्रत्येक घास ते कोणाच्या तरी नावाने खात होते. हा मेहुण्याच्या नावाने, हा मुख्याध्यापिकेच्या, हा सासूबाईंच्या नसलेल्या दातांच्या. आठव्यानंतर नावं संपली. दहाव्याला शर्टाचं बटण काढावं लागलं. बाराव्याला त्यांना भांडारातल्या झडपा दिसू लागल्या, एकामागून एक, सगळ्या बंद. पण चोवीस वर्षांत त्यांनी एकही काम अर्धवट टाकलं नव्हतं. चौदावी स्लाइस त्यांनी उभ्याने खाल्ली, कारण बसल्यावर जागा होत नव्हती.

मग चुरा पुसला, टोस्टर जागेवर ठेवला, आणि ते खुर्चीत जाऊन विजयी मुद्रेने कण्हत बसले.

पाचला बायको आली. चहा टाकला, डबा उघडला.

"कालचा कुठे गेला?"

"संपला," भांडारपाल शक्य तितक्या सहज म्हणाले.

"आठ स्लाइस होत्या."

"भूक लागली होती."

"टोस्टर सात वेळा वाजला," आतून साक्ष आली. "सात दुणे चौदा. त्याच्याआधी जावईबापू बेल वाजवून बाईंशी बोलत होते. आवाज रडवेला होता."

लेक समोरच्या दारी गेली आणि दोन मिनिटांत सगळी हकिगत घेऊन परत आली. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. ती चिडेल असं त्यांना वाटलं होतं. त्यासाठी एक भाषणही तयार होतं, त्यात 'अन्याय' हा शब्द चार वेळा येत होता. पण तिचा चेहरा उतरला.

"आजचा एवढा खावासा वाटत होता?"

"अकरा वर्षं वाटतोय," भांडारपाल म्हणाले, आणि त्यांचा गळा खरोखरच दाटून आला. (त्यात थोडा ब्रेडही असावा.)

"मग नीट सांगायचं ना! मला वाटायचं, तुम्हाला नियमात आनंद आहे. मला काय शिळं खायची हौस आहे?"

तिने मागचा ब्रेड पुढे ओढला, चिठ्ठी काढून टाकली आणि सुरी घातली. सुरी आवाज न करता आत गेली. स्लाइस मऊ, एका बाजूला झुकणारी. तिने लोणी लावलं, भरपूर, खुणेकडे न बघता, आणि पहिली बशी नवऱ्यापुढे ठेवली. भांडारपालांनी स्लाइस उचलली, डोळे मिटले, तोंड उघडलं.

आणि पोटात असा काही पीळ पडला, की ते बशीसकट टेबलाखाली गेले.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर चप्पल न घालताच वर आले. त्यांनी पोट दाबलं, भांडारपाल ओरडले, त्यांनी पुन्हा दाबलं.

"काय खाल्लं?"

"ब्रेड."

"किती?"

"एक."

"एका स्लाइसने असं होत नाही."

"एक अख्खा," बायको म्हणाली. "शिवाय सकाळच्या दोन स्लाइस."

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि बोट उगारलं. "आतडी दमलीत. महिनाभर जपायचं. ताजा ब्रेड तर अजिबात नको, मऊ असला की माणूस न चावता गिळतो. आदल्या दिवशीचा घ्यायचा, कडक भाजायचा, दोन स्लाइस, एकेक घास बत्तीस वेळा चावायचा. शिळा पचतो ना यांना?"

"अकरा वर्षं पचतोय," बायको म्हणाली.

टेबलावरचा आजचा ब्रेड, भांडारपालांच्या उद्याच्या दोन स्लाइस वगळून, लेकीने आणि तिच्या आईने संपवला. सासूबाईंना मऊ तुकडे कपात बुडवून दिले. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा असा लागतो होय! इतकी वर्षं सांगितलं का नाही कोणी?" भांडारपाल पलीकडे कोचावर आडवे होते. त्यांना भाषणातले चारही 'अन्याय' आठवत होते, पण ते कोणापुढे म्हणायचे हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात सुधारणा झाली. आजचा ब्रेड आजच उघडायचा, असं ठरलं. नवरा एवढा जिवावर उदार झाला, तर त्याचं म्हणणं ऐकायला नको का, असं बायको येईल त्याला सांगायची. बाईंनीही मान डोलावली. सकाळी सगळे टेबलाशी वेळेवर जमू लागले. लेक मोबाइल उलटा ठेवू लागली. इतकं एकमताने या घरात काही झालं नव्हतं, आणि ते भांडारपालांमुळे झालं होतं, हे सगळ्यांना मान्य होतं.

फक्त बुधवारी अडचण आली. मंगळवारचा ब्रेड एवढा गोड लागला होता, की संध्याकाळीच त्याचा फन्ना उडाला. बुधवारी भांडारपालांना द्यायला शिळा उरलाच नाही.

"मग आज मी ताजाच..." ते आशेने खुर्ची पुढे सरकवत म्हणाले.

"छे! डॉक्टरांनी काय सांगितलंय?" बायकोने त्यांना पेज दिली. "चूक माझीच. उद्यापासून दोन आणा. एक आमचा, एक तुमचा."

म्हणून गुरुवारी सातला भांडारपाल बेकरीच्या रांगेत उभे होते. पुढे सहा जण, मागे नऊ. नंबर आल्यावर त्यांनी दोन ब्रेड मागितले. बेकरीवाल्याने दोन्ही पिशव्यांत भरले. त्याच्या तोंडावर पीठ होतं आणि हसू होतं.

"आत्ता भट्टीतून काढलेत, साहेब. गरम आहेत तोवर दोन्ही संपवा."

ते ऐकून भांडारपालांचा तोल गेला. अकरा वर्षांचा, चौदा स्लाइसचा आणि वाडगाभर पेजेचा राग एकदम वर आला.

"दोन्ही कसे संपवा? यातला एक उद्याचा आहे!"

"मग उद्याचा उद्या न्या की. उद्याही ताजा मिळेल."

"मला ताजा नको आहे! मला शिळा लागतो!"

बेकरीवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, पीठ राहिलं. त्याच्या आजोबांनी ही भट्टी लावली होती. त्याने दोन्ही पिशव्या भांडारपालांच्या छातीशी टेकवल्या आणि मागच्या नवव्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"आमच्याकडे शिळा मिळत नाही, साहेब. तो घरी करावा लागतो."