प्रवाळात राहतं कोण?

परुळेकर सरांच्या घरी जाताना मी बोटातली पोवळ्याची, म्हणजे प्रवाळाचीच, अंगठी काढून खिशात घालायचो. एकदा विसरलो, तर दारातच माझा हात पकडून ओरडले, "तुझा मंगळ शांत करायला दुसऱ्याचं घर कशाला बोटात घालतोस रे मेल्या?"

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. तरुणपणी लक्षद्वीपच्या उथळ समुद्रात त्यांनी डोकं खुपसलं, ते कायमचंच. तिथल्या मऊ प्रवाळात राहणारे खेकडे, कोळंब्या, गोगलगाई हेच त्यांचे सगेसोयरे. घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या माणसांची नावं त्यांना ठाऊक नव्हती. प्रवाळाला कोणी दगड म्हटलं की चिडायचे, झाड म्हटलं की जास्त चिडायचे आणि 'किती सुंदर' म्हटलं की विचारायचे, "ते राहू दे. त्यात राहतं कोण, सांग!"

बिल्डिंगमधला पहिला रंगीत टीव्ही सेक्रेटरी साळवींकडे आला. त्यावर समुद्राचा कार्यक्रम पाहून त्यांनी गणपतीला समुद्रतळाची आरास ठरवली आणि सरांना सल्ला विचारला. झालं! "मऊ प्रवाळ थर्माकोलचं करता? लाज वाटत नाही?" म्हणत सरांनी आम्हा बिल्डिंगमधल्या पोरांना साकीनाक्याच्या कारखान्यांतून फोमचे तुकडे गोळा करायला लावले. शेवटी स्वतः पिशवीभर लोकरीचे प्राणी घेऊन आले. इवलेसे खेकडे, कोळंब्या आणि पाच बारीक हातांचे समुद्रतारे. सगळे फोमच्या प्रवाळाच्या फांद्याफांद्यांत बसवले. शिव्यांशिवाय कोणाला काही न देणारा हा माणूस!

गणपती बसायच्या दिवशी सकाळी साळवींनी ते सगळे उपटून कचऱ्याच्या डब्यापाशी टाकले. "बाप्पासमोर किडे कशाला? क्लीन पाहिजे, एकदम झकास!"

सरांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "साळवी, तुमच्या घरातली माणसं काढून नुसत्या भिंती ठेवल्या, तर घर म्हणाल त्याला?"

"सर, लोकरीची खेळणी ती! एवढं काय चिडायचं?" साळवी चक्क हसले. मला असली माणसं मुळीच सोसत नाहीत. मी काही बोलणार, तोच सर माझ्याकडे वळले आणि आवाज उतरवून म्हणाले, "अरे, हिनं केलीयत ती. संध्याकाळी तिला खाली आणायचंय."

सरांच्या बायकोला, काकूंना, अर्धांगवायू झाल्यापासून त्या तिसऱ्या मजल्यावरून उतरल्याच नव्हत्या. बिल्डिंगला लिफ्ट नाही. सर लोकर धरायचे, आकार सांगायचे आणि काकू एका डाव्या हातानं विणायच्या. सरांकडून हे ऐकून माझं डोकंच फिरलं. साळवींना म्हटलं, "आता यातल्या एकालाही हात लावलात, तर आरतीत टाळांऐवजी तुमचं थोबाड वाजेल!" मग सर आणि मी सगळं वेचून, झटकून पुन्हा लावलं. तेवढ्यातही ते माझ्यावर खेकसत होतेच.

संध्याकाळी आम्ही चौघांनी काकूंना खुर्चीत बसवून खाली आणलं. डावा हात कपाळाला लावून त्यांनी बाप्पाला नमस्कार केला आणि प्रवाळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, हा तारा असा नुसता चिकटवलात? फांदीला हात गुंडाळायला हवेत ना त्याचे. लाटेनं वाहून जाईल बिचारा."

सर आता भडकणार, असं आम्हाला वाटलं. ते गुडघ्यांवर बसले. त्या ताऱ्याचा एकेक हात त्यांनी फांदीभोवती हळूहळू गुंडाळला.

"चुकलं गं माझं," ते म्हणाले. "आता नाही जायचा."