उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही

कचेरीच्या सभागृहात नाटक सुरू होतं आणि विंगेत हेडक्लार्क घामाने डबडबले होते. आत्महत्या कशी टाळता येते, हे शिकवणारं हे नाटक त्यांनीच लिहिलेलं आणि त्यांनीच बसवलेलं. त्यात मेख अशी, की निराश नायक खुर्चीत येऊन बसला की नाटक थांबायचं. प्रेक्षकांतून कुणीतरी उठून त्याला सरळ विचारायचं, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ तोवर गाडी पुढे सरकायची नाही.

हेडक्लार्कांना हे इतकं नेमकं सुचलं, कारण त्यांना स्वतःला तसं कुणीच विचारलं नव्हतं. कित्येक महिने झोप उडाली होती, घास उतरत नव्हता, सकाळी उठणं जिवावर यायचं. बायकोने विषय काढला की ते म्हणत, “प्रयोगाचं टेन्शन आहे गं.” प्रयोग झाल्यावर काय सांगायचं, हे मात्र अजून ठरत नव्हतं.

प्रेक्षक ऐनवेळी गप्प बसतील, म्हणून त्यांनी मेहुण्याला पहिल्या रांगेत बायकोशेजारी पेरून ठेवलं होतं. हातात माइकही दिला होता. “विचारायचं, आणि उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही,” अशी ताकीद होती.

“दाजी, काळजीच सोडा,” मेहुणा म्हणाला होता, आणि तिथूनच हेडक्लार्कांची खरी काळजी सुरू झाली होती.

नायक झालेला टायपिस्ट खुर्चीत बसला. त्याने मान खाली घातली. मेहुणा हलेना. हेडक्लार्कांनी विंगेतून हातवारे केले, तर तो छताकडे बघू लागला. मग मागच्या रांगांतून सल्ले येऊ लागले.

“सकाळी फिरायला जात जा रे!”

“लग्न करून टाक!”

“अहो, झालंय त्याचं. म्हणूनच तर बसलाय!”

हशा पिकला. विचारलं मात्र कुणीच नाही.

“साहेब,” टायपिस्ट ओठ न हलवता कुजबुजला, “अजून किती वेळ निराश राहू? पायाला मुंग्या आल्यात.”

हेडक्लार्क कपाळावर हात मारत विंगेतून अर्धे बाहेर आले. इतक्यात बहिणीने कोपराने ढोसलं म्हणून मेहुणा उठला. लटपटत स्टेजवर चढला. त्याने आधी टायपिस्टकडे पाहिलं, मग दाजींकडे, आणि ज्याची अवस्था जास्त वाईट दिसली त्याच्याकडे गेला.

“जीव द्यावासा वाटतोय का?” सगळ्या सभागृहात प्रश्न घुमला.

“अरे गाढवा, मला नाही, त्याला!” हेही घुमलं. लोक पोट धरून हसले.

“उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही, तुम्हीच सांगितलंय.”

हेडक्लार्कांनी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं.

“वाटतं,” ते म्हणाले. “रोज नाही. पण वाटतं.”

हशा विरला. मग मोठ्या साहेबांनी टाळी वाजवली. “वा! काय अभिनय आहे!” त्यांच्यामागे सगळं सभागृह टाळ्या पिटू लागलं.

बायकोने टाळी वाजवली नाही. लग्नानंतर हेडक्लार्कांनी एका एकांकिकेत झोपलेल्या माणसाचं काम केलं होतं आणि तेही कुणाला पटलं नव्हतं. या माणसाला अभिनय येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती स्टेजवर गेली, भावाच्या हातातला माइक घेतला आणि बंद केला.

“अहो, आता मला सांगा,” ती म्हणाली. “सगळं सांगा. मग दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ.”

हेडक्लार्क होते तिथेच खाली बसू लागले.

“वहिनी,” टायपिस्टने हळूच विचारलं, “मी उठू का?”

“उठा भावोजी,” ती म्हणाली, “ती खुर्ची यांना द्या.”