पुंजाजी मिस्त्रीच्या त्रेपन्न फटी

पुंजाजी मिस्त्रीच्या घरासमोरचा सिमेंटचा रोड कापायला मशीन आलं, तेव्हा पुंजाजी ओट्यावर बसून दाढी करत होता. मशीनच्या आवाजानं हातातला आरसा हलला आणि हनुवटीवर बारीक चीर पडली. तो तसाच अर्ध्या दाढीनं रस्त्यावर उतरला.

"काऊन कापून राह्यला बे चांगला रोड?"

मशीनवाला फारुख चिखलीचा. या कामात त्याची दहा वर्षं गेली होती आणि प्रत्येक गावात असा एक तरी म्हातारा त्याला भेटतच असे. त्यानं मशीन बंद केलं.

"कापत नाई चाचा, सांधे साफ करून राह्यलो. जुना मसाला उडून गेला, गोटे-माती भरली त्यात. आता साफ करतो, मंग रबरासारखा काळा मसाला भरतो. रोड अजून पंधरा वर्षं टिकते."

"कापल्यानं टिकते?"

"हाव."

"पस्तीस वर्षं मिस्त्रीकाम केलं म्या. कापून टिकवलेला कोबा नाई पाह्यला."

पुंजाजीचा हा अधिकार गावात सगळ्यांना मान्य होता. दुसरबीडपर्यंतच्या निम्म्या घरांत त्याच्या हातचा कोबा होता. आपल्या कोब्याला भेग गेली असं कानावर आलं, की तो जेवण सोडून पाहायला जाई आणि ती भेग नसून मुंग्यांची रांग आहे, हे पटवूनच परत येई.

फारुखनं संध्याकाळपर्यंत त्रेपन्न सांधे साफ केले. भरायची वेळ आली तेव्हा कळलं, की गोदामातला मसालाच संपलाय, आठ दिवसांनी येईल. जाताना त्यानं सरपंच भगवानरावांना बजावलं, "साहेब, मी येईपर्यंत फटीत कोणाले काई भरू देऊ नका." भगवानराव फोनवर बोलत होते. ते "हो, हो, बिलकुल" म्हणाले. फारुखला म्हणाले की फोनमधल्या माणसाला, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुंजाजीच्या बायकोनं, भिमाबाईनं, रोडवर जुनं लुगडं अंथरून तीळ वाळत घातले. दुपारी वावटळ आली, लुगड्याचं एक टोक उचललं गेलं आणि अर्धे तीळ फटीत गेले. झाडूची काडी घेऊन ती ते टोकरायला बसली.

"अवो, दुनियेच्या भेगा पाह्यता, ही दारातली दिसत नाई का?" ती नवऱ्यावर कडाडली. "एकेक तीळ काढून राह्यली मी!"

"ते लोक येतीन भराले."

"येतीन! तोवर ह्या फटीत झाड उगवते तिळाचं."

पुंजाजीला हे लागलं. संडासाच्या कामातून उरलेली सिमेंटची अर्धी गोणी त्यानं बाहेर काढली, बारीक रेती चाळली, थापी धुतली आणि तिळाची फट तासाभरात अशी बुजवली, की बोट फिरवलं तरी कळू नये. शेजारी पाहायला आले. मग त्यांच्या दारासमोरच्याही फटी आल्या. तिसऱ्या दिवशी भगवानरावांनी चार गोण्या दिल्या, कारण आता याला श्रमदान म्हणायला हरकत नव्हती. चाळीस माणसं घमेली घेऊन रस्त्यावर उतरली. संध्याकाळी त्रेपन्नच्या त्रेपन्न फटी गायब झाल्या. पुंजाजीच्या डोक्यावर फेटा चढला, गळ्यात हार पडला आणि हातात थापी धरलेला त्याचा फोटो भगवानरावांनी तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. वरच्या साहेबांचा अंगठा पाच मिनिटांत आला.

या रस्त्याची अभियंता नाजिश मॅडम बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होती. चार दिवसांनी कामावर येऊन तिनं चहाचा कप उचलला, फोन उघडला आणि कप तसाच खाली ठेवला. फारुखला घेऊन ती भर दुपारी गावात पोचली. मे महिना होता. रोड असा तापला होता, की कुत्रीसुद्धा त्यावरून पळत जात होती.

"मॅडम, पाहा!" भगवानराव दोन्ही हात पसरून म्हणाले. "आहे का कुठं फट?"

"तेच तर पाहायला आले," नाजिश म्हणाली. "कोणी बुजवल्या?"

पुंजाजी पुढे झाला. सत्कार दुसऱ्यांदा होणार असेल तर असावा म्हणून त्यानं फेटाही बांधला होता.

"बाबा, त्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात. उन्हात रोड फुगतो. फुगायला जागा नको का त्याला?"

"सिमेंट फुगते?" पुंजाजी हसला. "म्याडम, सिमेंट काय पुरी हाये का?"

नाजिशला आपले आजोबा आठवले. ते सुलतानपूरला बैलगाड्या बनवायचे.

"बाबा, चाकाला लोखंडी धाव चढवतात, तेव्हा लोहार ती आधी तापवतो. कशासाठी?"

"तापल्यावर ते मोठी होते. मंग चाकावर बसते, आन्..." एवढं बोलून पुंजाजी थांबला. त्यानं रोडकडे पाहिलं. मग वर सूर्याकडे पाहिलं.

"अजून उशीर नाही झाला," नाजिश म्हणाली. "आपण आजच..."

तेवढ्यात सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. पुंजाजीच्या बरोब्बर दारासमोर रोडचे दोन तुकडे एकमेकांना रेटत उठले आणि हातभर उंच तंबू करून उभे राहिले. वर थोडी धूळ उडाली. नशिबानं जवळ कोणी नव्हतं.

"घ्या," ओट्यावरून भिमाबाई म्हणाली. "आता हार त्याले घाला."

पुंजाजीनं फेटा सोडला, घडी करून बायकोकडे दिला आणि आत जाऊन छन्नी-हातोडी घेऊन आला. पहिल्या फटीशी बसून तो ठोकू लागला. पस्तीस वर्षांत स्वतःच्या हातचं काम फोडायची वेळ त्याच्यावर आली नव्हती, आणि माल इतका पक्का बसला होता, की प्रत्येक घावाला त्याला स्वतःचाच राग आणि थोडासा अभिमानही वाटत होता. फारुख मशीननं मागून सांधे नीट करत येई. पाच दिवस दोघं राबले. उठलेला भाग तोडून नवा भरला, त्यावर ओली पोती टाकली, आणि पुंजाजी दर दोन तासांनी त्यांवर इतक्या काळजीनं पाणी शिंपडू लागला, की जणू घरात बाळंतीण आहे.

"चाचा, तुम्ही आता आमच्यापेक्षा हुशार झाले," फारुख एकदा म्हणाला.

"चूप बस बे," पुंजाजी म्हणाला. पण त्याला बरं वाटलं.

सहाव्या दिवशी नाजिशचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"बाबा, वरच्या साहेबांनी पत्र काढलंय. तुमचा फोटो लावून. 'गावानं स्वयंस्फूर्तीनं भेगा बुजवून आदर्श घालून दिला, इतरांनी अनुकरण करावं.' साहेब दौऱ्यावर आहेत, फोन उचलत नाहीत. तेरा गावांत हेच काम चालू आहे, आणि रोहिणवाडीत दुसऱ्या मशीननं कालच सांधे कापलेत. मला पोचायला संध्याकाळ होईल, तुम्ही जवळ आहात. धावा!"

पुंजाजी मिळेल त्या जीपला लटकून रोहिणवाडीला पोचला. रस्त्यावर वीसेक माणसं थाप्या घेऊन बसली होती, माल कालवून तयार होता, आणि पंचायतीच्या सदस्य केसरबाई पदर खोचून देखरेख करत होत्या.

"थांबा! भरू नका! रोड फुटते!" पुंजाजी ओरडला. चाकाची धाव, उन्हाळा, तंबू, सगळं त्यानं एका दमात सांगितलं.

केसरबाईंनी शांतपणे मोबाइल पुढे धरला. "हे पाहा दादा. हे मोठे मिस्त्री हायेत. यायले समजत नाई, आन् तुमाले समजते?"

"अवं बाई, तो मीच हाये!"

केसरबाईंनी फोटोतल्या तुळतुळीत दाढी केलेल्या, फेटा-हारवाल्या माणसाकडे पाहिलं. मग समोरच्या सहा दिवसांच्या खुंटांकडे आणि धुळीनं पांढऱ्या झालेल्या भुवयांकडे पाहिलं. "नाई वाटत," त्या म्हणाल्या.

शेवटी पुंजाजीनं घरी फोन लावला आणि आवाज मोठा केला. "भिमे, इथं सांग, त्या फोटोतला माणूस मीच ना?"

"तुमीच!" पलीकडून आवाज आला. "सारा रोड फोडून ठेवला, दारात डोंगर उभा केला, माह्ये तीळ गेले ते गेलेच! असा दुसरा कोण असन? आन् जेवाले कधी येता?"

वीस थाप्या खाली आल्या. एवढं हक्काचं बोलणं नवऱ्याशिवाय कोणी ऐकून घेत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. केसरबाई ओशाळल्या. "माफ करा मिस्त्री. आता आलेच हाये तं चहा घ्या." कुणीतरी हार आणला. नको नको म्हणताना तो गळ्यात पडला, फोटोही निघाला.

पुंजाजी समाधानानं घरी आला. हातपाय धुऊन जेवायला बसला, तोच फोन वाजला. तालुक्याच्या ग्रुपवर नवा फोटो आला होता. मध्ये हार घातलेला पुंजाजी, मागे थाप्या घेतलेली वीस माणसं, कालवलेला माल आणि वर ओळ: 'पुंजाजी मिस्त्री स्वतः रोहिणवाडीत हजर!'

खाली वरच्या साहेबांचा अंगठा होता. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, 'अतिउत्तम. उर्वरित अकरा गावांनी उद्याच भरून घ्यावे.'

पुंजाजीनं घास तसाच ताटात ठेवला.

"भिमे," तो म्हणाला, "सकाळी चार भाकरी जास्तीच्या बांध. आन् तू बी चाल संग. मले कोणी ओळखत नाई."