गाढवाचा डब्बा

बल्लारपूरचे कय्यूमभाई एक्सएमएल हा शब्द असा उच्चारत, जसा दुसरा कोणी बिर्याणी म्हणेल. लग्नाच्या लॉनमधले दिवे, पंखे, भोंगे आपोआप चालवणारी मशीन ते बसवत. तिची सगळी सेटिंग एका साध्या एक्सएमएल फाइलीत.

"डब्बा उघडा, सामान ठेवा, झाकण लावा," कुरखेड्याच्या लॉनवाल्या गुणवंतरावांना ते समजावत होते. "सुरुवातीले एक खूण, शेवटी एक खूण. कंपनीवाल्यासारखं कुलूप नाई. कोणीबी मोबाइलवर उघडा, वाचा, बदला. माह्या घरची फाइल जशीच्या तशी इथी टाकली. चालली का नाई?"

"आज करिष्माचं साक्षगंध हाय," गुणवंतराव म्हणाले. "नीट पार पडलं तं मशीन ठेवतो. नाई तं उचलून घेऊन जाय."

अंगठ्या निघाल्या. गुणवंतरावांनी माइक धरला, "आमची पोरगी मोठी गुणाची..."

अन चारही भोंग्यांतून गाढव ओरडलं!

मंडप हसून आडवा झाला. नवरदेवाचा बाप तेवढा हसला नाही. कय्यूमभाईंनी दाराकडे पाहिलं तं कॅमेरा खांद्यावर घेऊन त्यांचा साला जाहिद आत येत होता, शूटिंगला. भाईंच्या लगेच ध्यानात आलं. साल्याचा फोन घरच्या वायफायला जुळला की गाढव वाजवायचं, ही खोडी घरच्या फाइलीत होती. वायफायचं नाव अन पासवर्डबी त्याच फाइलीत. जाहिदच्या फोनला वाटलं, बहिणीचं घर आलं!

"काऊन रे कय्यूम," गुणवंतराव लालबुंद झाले, "पाहुण्यांचं असं स्वागत करते का?"

"भाऊ, कंपनीची मशीन असती तं नागपूरवरून इंजिनीयर येईपर्यंत गाढव ऐकत बसले असते. आता पाहा." भाईंनी मोबाइलवर फाइल उघडली अन गाढवाचा डब्बा झाकणासकट उडवला. "जाहिद, भाईर जाऊन परत ये."

जाहिद गेला, आला. भोंग्यातून फक्त सनई. पहिली टाळी नवरदेवाच्या बापानंच वाजवली.

"मशीन राह्यली," गुणवंतराव म्हणाले. "अन माह्या भावाच्या लॉनवरबी बसवून दे."

करिष्माच्या मेंदीसाठी आलेली मलिका नवऱ्याजवळ सरकली. "इतकं सोप्पं हाय? मले दाखवा ना."

भाईंनी छाती फुगवून बायकोला सगळं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेढे घेऊन भाई ऐटीत घरात शिरले. खुर्चीत जाहिद चहा पीत होता, भोंगा चूप. भाईंचा फोन वायफायला जुळला मात्र...

गाढव अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू गेलं.

"फाइल उघडीच होती ना," मलिका आतून म्हणाली.

भाईंनी फाइल तपासली. जाहिदच्या फोनच्या जागी त्यांचा फोन, बाकी काना-मात्रा जागेवर. जाहिदला पेढा देत ते म्हणाले, "काही म्हण, तुह्या बहिणीनं झाकण बराबर लावलं."